घरच्या घरी काडतुसे भरताना : प्रोग्रेसिव्ह प्रेसची निवड आणि वापर



गणपतीच्या मखराचे खिळे ठोकताना असो की दिवाळीच्या फराळाच्या रांगेत, आपल्या मंडळात हल्ली एक नवीन विषय कानावर येतो, तो म्हणजे नेमबाजी. अल्फारेटात राहायला आल्यावर शेजारी किंवा ऑफिसमधला मित्र शनिवारी रेंजवर घेऊन जातो, दोन-चार महिन्यांत गोडी लागते आणि मग काडतुसांचे बिल पाहून डोळे पांढरे होतात. पुढचा प्रश्न ठरलेला : "तुम्ही लोक म्हणे घरीच काडतुसे भरता. ते मशीन कुठले घ्यावे?"

आम्ही काही जण गेली बरीच वर्षे हा उद्योग करतो. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे म्हणून हा लेख. आम्ही तज्ज्ञ नाही, छंदवाले आहोत. पण काही चुका स्वतः केल्या आहेत आणि त्या तुम्ही करू नयेत अशी मनापासून इच्छा आहे. सगळ्या लेखाचे सार आधीच सांगून टाकतो : मशीन किती वेगाने चालते ते पाहून घेऊ नका. पुंगळीत काय पडले ते तुम्हाला किती स्पष्ट दिसते ते पाहून घ्या. आणि मशीनच्याही आधी स्वतःचा व्हिसा पाहा.

मशीनच्या आधी व्हिसा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. आपल्या लोकांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. मित्राला "गॅसचे पैसे दे" म्हणून दिली तरी प्रकरण विक्रीकडे झुकते, म्हणून आम्ही भरलेली काडतुसे कोणालाच देत नाही.

पण १९९८ पासून फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे यात आले. आणि कायद्यातली 'ॲम्युनिशन' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. भरलेले काडतूसच नव्हे, तर रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही तीत येतात. म्हणजे एच-१बी वरच्या माणसाने "अजून बंदूक घेतली नाही, फक्त प्रायमरचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून आणला" असे म्हटले तरी तो अडचणीत येऊ शकतो. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. आणि त्यापुढे ग्रीन कार्डाचे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

रेंजवर एक तास नेम धरला म्हणून एवढे काय होते, असे वाटेल. फ्लोरिडातल्या रेहाइफ नावाच्या परदेशी विद्यार्थ्याचा खटला रेंजवर बंदूक हाताळण्यावरूनच उभा राहिला होता. त्याचा विद्यार्थी दर्जा संपला होता. २०१९ साली प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि आपला दर्जा काय आहे हे आरोपीला ठाऊक होते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निकाल लागला. हा लेख वाचल्यावर मात्र तुम्हाला ते ठाऊक आहे!

कायद्यात काही अपवाद आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकारीचा परवाना. पण ऐकीव माहितीवर जाऊ नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला म्हणजे कार्ड मिळाले असे होत नाही. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही विशिष्ट बंदी लागू नाही.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. अल्फारेटातल्या घरांना बहुधा बेसमेंट असते. तिथेच आपला प्रेसचा ओटा असतो आणि उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की त्यांची झोपायची सोयही तिथेच होते. ते बी-२ वर आलेले असतात, म्हणजे तेही नॉन-इमिग्रंट व्हिसावरच. तेव्हा पावडर, प्रायमर आणि भरलेली काडतुसे कुलुपात ठेवा आणि किल्ली तुमच्याचजवळ असू द्या. एकाच घरात नवरा नागरिक आणि बायको एच-४ वर (किंवा उलट) असेल तरी हाच नियम.

भारतात जाताना

रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरू नका. कप्प्यात विसरलेले एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडले की आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली प्रकरण दाखल होऊ शकते. काडतूस जाणूनबुजून बाळगले नव्हते हे पुढे कोर्टात पटवता येते, पण सुट्टीचे तीन आठवडे पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जातात.

पुण्या-नाशिकला कायमचे परत जाणाऱ्यांनी तर नीट लक्षात ठेवा. भारतीय कायद्यातल्या 'दारूगोळा' या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि काडतुसे बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. घरसामानाच्या कंटेनरमध्ये मिक्सर, ट्रेडमिल आणि शेजारी प्रेस, असे चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्याला कमीत कमी ७ वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे. निघण्याआधी सगळे इथेच विकून टाका.

मुळात तुम्हाला प्रेस लागते का?

१९९६ च्या ऑलिंपिकची नेमबाजी आपल्याच फुल्टन काउंटीच्या दक्षिण भागात, वुल्फ क्रीकला झाली होती, हे नव्या मंडळींना सहसा माहीत नसते. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळे हा खेळ मराठी घरांत पोचला आणि २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकल्यावर आपल्या मुलांनीही हट्ट धरला.

पण एक लक्षात घ्या. एअर रायफलमध्ये दारूच नसते. स्वप्नीलची रायफल आणि राहीचे स्पोर्ट पिस्तूल पॉइंट टू टू रिमफायर काडतुसावर चालते. त्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो, सुटा प्रायमर नसतो, त्यामुळे घरी पुन्हा भरण्यासाठी ते बनवलेलेच नाही. मुलगा किंवा मुलगी याच प्रकारात शिकत असेल तर प्रेसचे पैसे वाचवा आणि चांगल्या प्रशिक्षकाला द्या.

प्रेसचा उपयोग सेंटरफायर काडतुसांना : ९ एमएम, पॉइंट फोर फाइव्ह, पॉइंट थ्री एट स्पेशल, रायफलचे टू टू थ्री, थ्री नॉट एट वगैरे. ट्रॅप आणि स्कीटवाल्यांच्या छर्ऱ्यांच्या काडतुसांना वेगळी मशीन लागते. त्यात विस्कॉन्सिनच्या मेक कंपनीचे नाव प्रसिद्ध आहे. तो विषय इथे घेत नाही.

संख्येचा हिशेब आमच्या मते असा :

- महिन्याला दीड-दोनशेपर्यंत काडतुसे लागत असतील तर साधी सिंगल स्टेज प्रेस पुरे.
- दोनशे ते चारशे असतील तर टरेट प्रेस.
- त्याच्या वर, आणि मुख्यतः एकाच प्रकारचे काडतूस असेल, तर प्रोग्रेसिव्हचा विचार करा.
- लांब पल्ल्याच्या रायफलची मोजकी, अचूक काडतुसे हवी असतील तर प्रोग्रेसिव्हची घाई नको.

पैसे वाचतात का? पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते, तिथेच बचत. प्रायमर, पावडर आणि गोळी दर वेळी नवी लागते. पावडर ग्रेनमध्ये मोजतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. ब्रिटिश अमलातला तोळा १८० ग्रेनचा होता, म्हणजे ९ एमएमची ११५ ग्रेनची गोळी आजीच्या भाषेत पाऊण तोळ्याहूनही हलकी! समजा, केवळ हिशेबासाठी, एका काडतुसाला ५ ग्रेन पावडर लागली, तर एका पौंडात १,४०० काडतुसे होतील. आजचे भाव घालून स्वतः गणित मांडा आणि त्यात मशीन, डाय, तराजू आणि पावडर-प्रायमर घरपोच मागवताना लागणारी धोकादायक मालाची फी धरायला विसरू नका. २०२० ते २०२२ च्या टंचाईत प्रायमर मिळतच नव्हते, हेही ध्यानात ठेवा. आमचा अनुभव असा की पैसे वाचत नाहीत, त्याच पैशांत सराव जास्त होतो.

प्रोग्रेसिव्ह म्हणजे नेमके काय?

काडतूस भरण्याची कामे अशी : जुना प्रायमर काढून पुंगळी मापात आणणे, नवा प्रायमर बसवणे, पुंगळीचे तोंड किंचित फुलवून पावडर टाकणे, गोळी बसवणे आणि शेवटी तोंड आवळणे म्हणजे क्रिम्प.

सिंगल स्टेजवर एका वेळी एकच काम होते. आधी शंभर पुंगळ्या मापात आणायच्या, मग डाय बदलून पुढचे काम. प्रोग्रेसिव्हचे काम म्हणजे लग्नघरी पोळ्यांना बसलेल्या चौघींसारखे : एक गोळा करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते, चौथी तूप लावते. शेलप्लेट नावाच्या गोल तबकडीत चार-पाच पुंगळ्या असतात आणि हँडल एकदा ओढले की प्रत्येक पुंगळीवर तिचे तिचे काम होते. तबकडी एक घर पुढे सरकते. सुरुवातीची घरे भरली की हँडलच्या प्रत्येक फेरीला एक तयार काडतूस खाली पडते.

सोय इथेच आहे आणि धोकाही इथेच. चारही कामे एकाच क्षणी होत असल्याने चार ठिकाणी एकाच क्षणी चूक होऊ शकते. पोळी करपली तर बाजूला काढता येते. इथे मात्र गोळी बसली की आत काय आहे ते दिसत नाही.

पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. त्याला स्क्विब म्हणतात. त्यामागे दुसरे काडतूस उडवले तर नळी फुटू शकते. उलट, पावडर दोनदा पडली तर दाब मर्यादेबाहेर जाऊन बंदूकच हातात फुटू शकते.

पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तो, वरणगावचा आणि भंडाऱ्याचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. आपल्यापैकी काहींचे काका-मामा अशा कारखान्यांतून निवृत्त झाले असतील. त्यांना विचारा, कारखान्यात भरणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो. बेसमेंटमध्ये भरणारे तुम्ही आणि तपासणारेही तुम्हीच.

कोणती प्रेस घ्यावी?

बाजारात मुख्यतः डिलन, हॉर्नडी आणि ली ही नावे ऐकू येतात. आम्हाला कोणाकडून कमिशन मिळत नाही, तेव्हा मोकळेपणाने सांगतो.

- डिलन ५५० सी : चार घरे. तबकडी हाताने फिरवावी लागते. वेग तुमच्या हातात राहतो आणि रायफलची काडतुसेही होतात. मात्र फिरवायला विसरलात तर एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडते.
- डिलन एक्सएल ७५० : २०१९ साली जुन्या ६५० च्या जागी आली. पाच घरे, तबकडी आपोआप फिरते. पाचव्या घरामुळे पावडरची पातळी तपासणारी डाय लावता येते.
- डिलन स्क्वेअर डील बी : फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी. तिच्या डाय वेगळ्या असतात, दुसऱ्या मशीनला चालत नाहीत. जुनी विकत घेताना हे तपासा.
- हॉर्नडी लॉक-एन-लोड एपी : पाच घरे. तबकडी अर्धी-अर्धी सरकते, त्यामुळे पावडर कमी सांडते. डाय बुशिंगसकट झटकन बदलतात.
- ली : प्रो १००० ला तीन घरे, सिक्स पॅक प्रोला सहा. किंमत कमी, पण जुळवाजुळव जास्त. हत्यारे हाताळायची आवड असलेल्यांना जमते.

हाताने फिरणारी की आपोआप फिरणारी, यावर आमच्यात आजही वाद होतो. हाताने फिरणारीत विसरण्याचा धोका आहे. आपोआप फिरणारीत तो कमी, पण मशीन अडकले आणि तुम्ही हँडल अर्ध्यावरून मागे-पुढे केलेत, तर कुठल्या पुंगळीत किती पडले याचा पत्ता राहत नाही. आमचा सल्ला : पहिलीच प्रेस असेल तर चार-पाचशे काडतुसे सिंगल स्टेजवर भरून हात बसवा. ती प्रेस वाया जात नाही, पुढे फुटकळ कामाला लागतेच. मग प्रोग्रेसिव्ह घ्याल तेव्हा आपोआप फिरणारी, पाच घरांची आणि पावडर तपासणारी डाय लावता येणारी घ्या. बजेट कमी असेल किंवा सावकाश काम आवडत असेल तर हाताने फिरणारी घ्या. दोन्हींवर चांगली काडतुसे होतात.

घेण्याआधी एवढे पाहा :

- तुमच्या नेहमीच्या जागेवर बसून किंवा उभे राहून गोळी ठेवण्याआधी पुंगळीचा तळ दिसतो का? दिसत नसेल तर एलईडी दिवा लावता येतो का?
- पावडर तपासणाऱ्या डायला घर आहे का?
- एका काडतुसावरून दुसऱ्यावर जायला किती सुटे भाग आणि किती वेळ लागतो?
- सुटे भाग फोन केल्यावर मिळतात का?
- ओटा पुरेसा जड आहे का? हलणाऱ्या टेबलावर पावडरचे माप बिघडते.

केस फीडर, म्हणजे पुंगळ्या आपोआप टाकणारे यंत्र, पहिल्या वर्षी घेऊ नका. कंपन्या ताशी हजाराची भाषा करतात. आम्ही ताशी तीनशेवर समाधानी आहोत.

प्रेसशिवाय लागणाऱ्या गोष्टी : चांगला तराजू आणि त्याची वजने, कॅलिपर, तयार काडतूस मापणारे गेज, चुकलेल्या काडतुसाची गोळी काढायचा हातोडा, डोळ्यांना चष्मा आणि ताज्या आवृत्तीची किमान दोन लोडिंग मॅन्युअल. या लेखात आम्ही पावडरचे एकही माप मुद्दाम दिलेले नाही. माप मॅन्युअलमधून किंवा पावडरच्या कंपनीकडूनच घ्यावे, आमच्याकडून नाही आणि रेंजवरच्या ओळखीच्या माणसाकडून तर मुळीच नाही.

पहिला दिवस

१. पुंगळ्या निवडा. चिरा गेलेल्या, ॲल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या बाजूला काढा. ९ एमएममध्ये थ्री एटीच्या पुंगळ्या हमखास मिसळतात. पॉइंट फोर फाइव्हमध्ये लहान आणि मोठा असे दोन्ही प्रायमरचे प्रकार सापडतात. लष्करी पुंगळीत प्रायमर कडेने दाबून बसवलेला असतो, तो खळगा साफ केल्याशिवाय नवा बसत नाही. रायफलच्या पुंगळीला तळाशी चमकती रेघ दिसली तर ती फेकून द्या.

२. आधी पावडर आणि प्रायमर न घालता दोन-तीन नकली काडतुसे बनवा. त्यावर गोळीची खोली आणि क्रिम्प जुळवा. बंदुकीची नळी सुटी करून त्यात टाकून पाहा, ते सहज आत-बाहेर झाले पाहिजे. ९ एमएमला हलका टेपर क्रिम्प पुरे, कारण ते काडतूस तोंडाच्या कडेवरच टेकते. बोटाने दाबल्यावर गोळी आत सरकत असेल तर काहीतरी चुकले आहे. गोळी आत गेली की दाब वाढतो.

३. पावडर मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या, म्हणजे कमी मापाने सुरू करा, कमाल मापाने नाही. पावडरचे नाव अक्षर न अक्षर वाचा. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा सारखा असला तरी माप सारखे नाही. शक्यतो फुगीर पावडर निवडा, म्हणजे चुकून दोनदा पडली तर ती पुंगळीबाहेर सांडेल आणि लगेच दिसेल.

४. पहिली दहा मापे परत डब्यात ओता. मग सलग दहा मापे तोला. नंतर दर पन्नास काडतुसांनी एकदा तोलत राहा.

५. पहिली वीस काडतुसे तबकडीत एका वेळी एकच पुंगळी ठेवून भरा. मग हळूहळू सगळी घरे भरा.

६. प्रत्येक पुंगळीत डोकावून मगच गोळी ठेवा. प्रत्येक. "आता हात बसलाय" असे वाटेल त्या दिवशी तर नक्कीच.

७. प्रायमर बसवताना जोर लागला तर थांबा. तिथे ताकद दाखवायची नाही. प्रायमर झटक्याने पेटतो आणि नळीतले बाकीचेही पेटवू शकतो. चष्मा याचसाठी.

८. मशीन अडकले की नियम एकच : तबकडीतल्या सगळ्या पुंगळ्या बाहेर काढा, त्यांतली पावडर ओतून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा. आमच्यापैकी एकाने हा नियम एकदाच मोडला. मुलीचा फोन आला, बोलता बोलता हँडल अर्धे फिरले आणि "बहुतेक पडली असेल" म्हणून गोळी बसवली. पुढच्या शनिवारी रेंजवर 'फट्' ऐवजी 'फुस्स' झाले. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी मोठ्याने थांबवले म्हणून बरे, नाहीतर दुसऱ्यांदा ट्रिगर ओढला गेलाच होता. गोळी नळीत तीन इंच आत अडकलेली निघाली. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रेसवर बसताना फोन वरच्या मजल्यावर राहतो.

९. डब्यावर चिठ्ठी लावा : तारीख, पावडर आणि तिचे माप, गोळी, प्रायमर. काही बिघडले तर कुठली शंभर काडतुसे बाजूला ठेवायची ते कळते.

रेंजवर आवाज किंवा धक्का वेगळा वाटला तर थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळी तपासा. काडतूस उडालेच नाही तर नळी लक्ष्याकडे ठेवून निदान अर्धा मिनिट वाट पाहा. आणखी एक : काही बंदिस्त रेंजवर घरी भरलेली काडतुसे चालत नाहीत आणि बंदुकीच्या अनेक कंपन्या अशा काडतुसांवर वॉरंटी देत नाहीत. आधी विचारून घ्या.

घर, मुले आणि शिसे

प्रायमरच्या राखेत शिसे असते. पुंगळ्या कोरड्या घासताना ते धुळीत उडते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार वाईट. म्हणून पुंगळ्या घराबाहेर चाळा, किंवा पाणी आणि स्टीलच्या पिना घालून ओल्या धुवा आणि मग पूर्ण वाळवा. ओट्याजवळ चहा नको, चिवडा नको. उठल्यावर साबणाने हात धुवा, कपडे बदला, मगच मुलांना उचला. पुंगळ्या निथळायला स्वयंपाकघरातली रोळी किंवा चाळणी आणू नका. एकदा आणलीत की ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नये (आणि घरात शांतताही राहणार नाही!).

पावडर तिच्या मूळ डब्यातच ठेवा. ओट्यावर एका वेळी एकच पावडर असावी आणि काम संपले की मशीनमधली परत डब्यात ओता. अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या मानकानुसार घरात मूळ डब्यांत २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर ही साधारण मर्यादा आहे. आपल्याला त्याच्या चौथ्या हिश्श्याचीही गरज नसते. पावडर मजबूत लोखंडी तिजोरीत ठेवू नका. मोकळी पावडर नुसती जळते, पण घट्ट कोंडली तर स्फोट होतो. कुलूप लावलेली लाकडी पेटी उत्तम.

जॉर्जियाच्या जुलैमध्ये गराज भट्टी होते, म्हणून तिथे साठा नको. बेसमेंट थंड असते, पण दमट. डीह्युमिडिफायर चालू ठेवा. आणि बेसमेंटमध्येच वॉटर हीटर आणि फर्नेस असतात. त्यांच्या ज्योतीपासून पेटी दूर, भिंतीपलीकडे ठेवा. देवघरही खाली असेल तर समई-उदबत्तीचाही विचार करा. एचओएचे नियम आणि घराचा विमा यांत याबद्दल काय म्हटले आहे ते एकदा वाचून घ्या.

शेवटी

तर मंडळी, एवढे सगळे वाचून कोणाला वाटेल की हा छंद नकोच. वाटले तरी हरकत नाही, दुकानातली काडतुसे काही वाईट नसतात. पण ज्यांना शांतपणे, एका वेळी एकच काम मन लावून करायला आवडते त्यांना यात वेगळाच आनंद मिळतो. ज्यांना घाई आहे त्यांनी प्रोग्रेसिव्ह प्रेस घेऊ नये. नाव 'प्रोग्रेसिव्ह' असले तरी तिच्यावर प्रगती सावकाशच होते.

ज्यांची कागदपत्रे चोख आहेत आणि ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठावे. आम्ही एक दुपार देऊ. चष्मा घेऊन या आणि फोन गाडीतच ठेवा. चहा नंतर, हात धुतल्यावर, वरच्या मजल्यावर!

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ आहेच, तो वाढावा.